विश्लेषण : सगळ्यांची होडी एकसारखी, मग वाद कशाचा?

पावसाळा सरला की मुंबई बंदरात शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. गेटवेच्या कठड्यावरून पाहणाऱ्याला या पांढऱ्या शिडाच्या होड्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटतात. त्या तशाच असाव्यात असा नियमच आहे. होडी एक, शीड एक, डोलकाठी एक. फरक फक्त चालवणाऱ्याचा. याला ‘वन-डिझाइन’ शर्यत म्हणतात. ऐकायला हे तत्त्व साधे असले, तरी त्यावरून गेल्या काही वर्षांत न्यायालयीन लढे झाले, जगातील सर्वाधिक परिचित होडीचे नाव बदलावे लागले आणि ऑलिम्पिकमध्ये कोणती होडी असावी यावर जागतिक संघटनेत खडाजंगी झाली. कुलाब्याच्या धक्क्यावरून सराव करणाऱ्या खेळाडूंवरही या वादाचा थेट परिणाम होतो. तो कसा, याचा हा आढावा.

वन-डिझाइन म्हणजे नेमके काय?

लालबाग-परळच्या चाळीत कॅरमचा सामना रंगतो तेव्हा बोर्ड दोघांचा एकच असतो, सोंगट्या त्याच असतात, पावडरही तीच. स्ट्रायकर मात्र ज्याचा त्याचा. तोही वाटेल तसा चालत नाही. वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४.१३ सेंटिमीटरच्या आत हवा, ही मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे कॅरममध्ये बहुतेक साधने समान आणि एका साधनाला मर्यादित मोकळीक, अशी तडजोड आहे. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत हीच तडजोड कुठे करायची, हा मूळ प्रश्न आहे.

यात ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, ‘विकास वर्ग’. यात केवळ बाहेरच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. उदाहरणार्थ ‘मॉथ’ वर्गाच्या होडीची लांबी ३.३५५ मीटरहून जास्त असता कामा नये. त्या मर्यादेत रचनाकाराने डोके लढवावे. या मोकळिकीतूनच पाण्याखाली पंख लावलेल्या आणि चक्क पाण्यावरून उडणाऱ्या होड्या जन्माला आल्या. दुसरा प्रकार, ‘मापबद्ध वर्ग’. येथे आराखडा एकच असतो, पण होडी वेगवेगळे कारागीर किंवा कारखाने बांधू शकतात. ती ठरलेल्या मापांत बसली की झाले. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’, दोघांची ‘४७०’, ‘फायरबॉल’ आणि ‘एंटरप्राइज’ या होड्या याच जातकुळीतल्या. तिसरा आणि सर्वात कडक प्रकार म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यातून, ठरलेल्या साच्यातून निघालेली होडी. बांधणीची पद्धतही येथे ठरलेली असते आणि खेळाडूला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. ‘लेझर’ या वर्गाचा नमुना.

ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर दिसणाऱ्या मासेमारी होड्या याच्या अगदी उलट टोकाला. अनुभवी सुताराच्या नजरेने बांधलेल्या दोन लाकडी होड्या कधी तंतोतंत सारख्या नसतात, आणि मासे पकडायला तसे असण्याची गरजही नसते. शर्यतीत मात्र बोटभर फरकानेही निकाल बदलतो.

ही कल्पना आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात नौकांच्या शर्यती हा श्रीमंतांचा खेळ होता. दरवर्षी नवी, अधिक वेगवान नौका बांधायची आणि जुनी मोडीत काढायची, अशी चढाओढ असे. ज्याचा खिसा मोठा, त्याचे पारडे जड. याला कंटाळून आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या हौशी मंडळींनी १८८७ मध्ये ‘वॉटर वॅग’ नावाची एकाच आराखड्याची छोटी होडी ठरवली. सर्वांनी तीच चालवायची. होडी जुनी झाली म्हणून कोणी मागे पडू नये, असा हेतू होता. वन-डिझाइनचा जन्म असा खर्चाला लगाम घालण्यासाठी झाला.

मुंबईचा याच्याशी संबंध काय?

भारतातील शिडाच्या शर्यतींचे मुंबई हे जुने घर. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मधली. ‘सीबर्ड’ या एकाच आराखड्याच्या लाकडी नौकांनी या बंदरात कित्येक दशके शर्यती गाजवल्या. आज कुलाब्यात लष्कराचे आर्मी यॉटिंग नोड आहे, नौदलाचे जलक्रीडा प्रशिक्षण केंद्र मुंबईत आहे आणि कुलाबा सेलिंग क्लबसारखी नागरी संस्थाही आहे. 

या शहराच्या क्रीडा इतिहासातले एक सोनेरी पान थेट होडीच्या वर्गाशी जोडलेले आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत झाल्या, पण दिल्लीला समुद्र नसल्यामुळे शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने ‘फायरबॉल’ वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ‘फायरबॉल’चा आराखडा ब्रिटनच्या पीटर मिल्न यांनी १९६२ मध्ये केला. प्लायवूडच्या सपाट फळ्या जोडून हौशी माणसालाही घरी बांधता यावी, अशी ती होडी. त्या स्पर्धेतील ‘एंटरप्राइज’ हीदेखील घरबांधणीसाठीच आखलेली. आराखडा विकत घ्या, मापे सांभाळा आणि आपल्याच गावातल्या सुताराकडून होडी बांधून घ्या, ही सोय मापबद्ध वर्गात होती.

तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये ‘४७०’ या वर्गात उतरले. ऑलिम्पिकमध्ये ‘फायरबॉल’ कधीच नव्हती. ज्या होडीत आशियाई सुवर्ण मिळाले, ती बाजूला ठेवून दुसरी होडी शिकावी लागली. खेळाडूचे कौशल्य त्याचे स्वतःचे असले तरी ते कोणत्या होडीत दाखवायचे हे दुसरेच कोणी ठरवते, याची जाणीव मुंबईला तेव्हापासून आहे.

‘लेझर’ने काय बदलले?

१९६९ मध्ये कॅनडातील औद्योगिक रचनाकार इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना दूरध्वनी केला. मोटारीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी होडी त्यांना हवी होती. बोलता बोलताच कर्बी यांनी कागदावर रेखाटन केले. १९७० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथे हजार डॉलरच्या आतील होड्यांची शर्यत झाली, त्यात तिचा पहिला नमुना उतरला. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती ‘लेझर’ या नावाने विक्रीस आली. किंमत ६९५ डॉलर.

होडी ४.२३ मीटर लांब, रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो. एक माणूस, एक शीड, दोन तुकड्यांत जोडायची डोलकाठी. जगभरात अशा दोन लाखांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिचा समावेश झाला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून तिचेच छोटे शीड असलेले ‘रेडियल’ रूप महिलांसाठी आले.

भारतासारख्या देशाच्या दृष्टीने तिची खरी सोय वेगळीच आहे. सांगाडा एकच ठेवून डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदलले की तीन वेगवेगळे वर्ग तयार होतात. सुमारे सात चौरस मीटरचे मोठे शीड साधारण ऐंशी किलोंच्या पुरुष खेळाडूसाठी, पावणेसहा चौरस मीटरचे मधले शीड महिला आणि युवकांसाठी आणि ४.७ चौरस मीटरचे छोटे शीड कमी वजनाच्या मुलामुलींसाठी. क्लबच्या आवारात ठेवलेली एकच होडी सकाळी चौदा वर्षांच्या मुलीला आणि दुपारी जवानाला चालते. नवे सांगाडे घ्यायला पैसे नसणाऱ्या संस्थेसाठी ही गोष्ट लाखमोलाची आहे.

नियम किती कडक आहेत?

या वर्गाच्या नियमावलीचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, ते करायचे नाही. बहुतेक खेळांत जे निषिद्ध आहे त्याची यादी असते. येथे उलट आहे. सांगाडा घासून त्याचा आकार बदलणे, दुसऱ्या कारखान्याचे सुकाणू बसवणे, बाहेरच्या कारागिराकडून शीड शिवून घेणे, यातले काहीच चालत नाही. सांगाडा, शीड, डोलकाठी, सुकाणू आणि होडीच्या मध्यातून पाण्यात उतरणारी फळी हे सारे परवानाधारकाकडूनच घ्यावे लागते.

परंतु नियम दगडावर कोरलेले नाहीत. शीड ताणण्याच्या दोऱ्या आणि कप्प्या मूळ होडीत इतक्या प्राथमिक होत्या की जोराच्या वाऱ्यात त्या ओढायला प्रचंड ताकद लागे. हलक्या खेळाडूंची त्यात कुचंबणा होई. म्हणून जास्त कप्प्यांची, कमी ताकदीत चालणारी रचना मान्य झाली. डोलकाठीचा वरचा ॲल्युमिनियमचा तुकडा वाऱ्याच्या ताणाने कायमचा वाकत असे आणि बदलावा लागे. त्याऐवजी तंतुमिश्रित टिकाऊ तुकड्याला परवानगी मिळाली. होकायंत्राचेही तसेच. चुंबकीय सुई वापरणारे अंकीय होकायंत्र चालते, पण उपग्रहाद्वारे वेग आणि ठिकाण सांगणारे उपकरण शर्यतीत चालत नाही. वाऱ्याची दिशा किती अंशांनी फिरली हे यंत्राने दाखवले तर चालेल, आपण रेषेपासून किती मीटर दूर आहोत हे मात्र नजरेनेच ठरवायचे, अशी ही सीमारेषा.

असा बदल करणे सोपे नसते. वर्गाच्या संघटनेचे कार्यकारी मंडळ आणि सल्लागार मंडळ यांची मान्यता, मतदान करणाऱ्या सदस्यांपैकी दोनतृतीयांशांचा कौल आणि शेवटी ‘वर्ल्ड सेलिंग’ या जागतिक संघटनेचा शिक्का, एवढे टप्पे पार करावे लागतात.

मग निर्बंधांमुळे खर्च कमी होतो का?

येथेच खरा वाद सुरू होतो. निर्बंधांच्या बाजूचे म्हणणे असे की, नवे साधन रोज बाजारात आले तर ज्याच्याकडे पैसा आहे तोच ते घेईल आणि बाकीचे मागे पडतील. सगळ्यांना एकच शीड सक्तीचे असेल तर दादरच्या मध्यमवर्गीय घरातली मुलगी आणि युरोपातल्या श्रीमंत क्लबचा मुलगा निदान आरंभरेषेवर बरोबरीने उभे राहतात.

विरोधी बाजूचे म्हणणे तितकेच वजनदार आहे. सक्तीचे शीड एकाच साखळीतून येत असल्याने त्याची किंमत स्पर्धेने ठरत नाही. जवळपास त्याच मापाचे, अनधिकृत ‘सरावाचे’ शीड बरेच स्वस्त मिळते, पण ते अधिकृत शर्यतीत चालत नाही. त्यातही जुन्या पद्धतीच्या शिडाचे कापड पातळ होते. ते लवकर ढिले पडे आणि त्याचा आकार बिघडे. मग मोठ्या स्पर्धेला जाणारा खेळाडू प्रत्येक वेळी नवे कोरे शीड उघडू लागला. नियमाने शिडाचा आकार सर्वांसाठी समान ठेवला होता, पण शिडे किती घ्यायची हे खिशावरच राहिले. पुढे जाड कापडाचे, वेगळ्या पद्धतीने तुकडे जोडलेले सुधारित शीड मान्य झाले, ते याच तक्रारीवरचा उपाय म्हणून.

सांगाड्याचीही तीच गोष्ट. वर्षानुवर्षे लाटांवर आपटून जुना सांगाडा थोडा मऊ पडतो, पाणी शोषून जड होतो. नियमाच्या दृष्टीने पंधरा वर्षे जुनी होडी आणि कालची होडी एकच. प्रत्यक्षात अव्वल खेळाडू दर एक-दोन वर्षांनी नवी होडी घेतात. यावर उपाय म्हणून ऑलिम्पिकमध्ये या वर्गाच्या होड्या आयोजकच पुरवतात. सगळ्या नव्या, सगळ्या सारख्या. पण ऑलिम्पिकच्या पात्रतेपर्यंत पोहोचायचा रस्ता जुन्या होड्यांवरूनच जातो.

थोडक्यात, निर्बंधांनी पैशाचे महत्त्व संपत नाही. पैसा कोणत्या दाराने आत येईल, एवढेच नियम ठरवतात. आराखड्याचे दार बंद केले की पैसा नव्या शिडांच्या, परदेशी सराव शिबिरांच्या आणि खासगी प्रशिक्षकांच्या दाराने येतो. तरीही एक दार बंद होणे हा फरक लहान नाही. विकास वर्गात जुनी होडी दोन-तीन हंगामांतच निकामी ठरू शकते. वन-डिझाइनमध्ये ती नवशिक्याला दहा-पंधरा वर्षे शिकवत राहते.

२०१९ मध्ये नेमके काय बिनसले?

कडक वन-डिझाइनचा पाया एका गृहीतकावर उभा आहे. सगळे कारखाने बांधणी-पुस्तिकेनुसारच होडी बांधतात आणि कोणीतरी तटस्थपणे ते तपासते. ‘लेझर’च्या बाबतीत जगाची वाटणी झाली होती. युरोप आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात एक कंपनी, ऑस्ट्रेलियात दुसरी, जपानमध्ये तिसरी. ‘लेझर’ या नावाचा व्यापारी हक्कही वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या हातांत होता. रचनेच्या मानधनावरून कर्बी आणि युरोपातील उत्पादक ‘लेझर परफॉर्मन्स’ यांच्यात २०१३ पासून अमेरिकेच्या न्यायालयात दावा सुरू होता.

मार्च २०१९ मध्ये वर्गाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएलसीएने, ‘लेझर परफॉर्मन्स’शी असलेला बांधणीचा करार संपवला. कारखान्याची तपासणी करू दिली गेली नाही, असे संघटनेचे म्हणणे होते; कंपनीने ते अमान्य केले आणि उलट आरोप केले. करार संपल्यावर अडचण अशी झाली की ‘लेझर’ हे नाव त्या कंपनीकडे, तर शर्यती भरवण्याचा आणि होडीला पात्र ठरवण्याचा अधिकार संघटनेकडे. महिनाभरातच संघटनेने आपल्या होडीचे नाव बदलून ‘आयएलसीए डिंगी’ केले. शिडांच्या क्षेत्रफळावरून वर्गांची नावे आयएलसीए ७, आयएलसीए ६ आणि आयएलसीए ४ अशी झाली. होडी तीच, फक्त नाव नवे. पूर्वी नियमानुसार बांधलेल्या होड्या शर्यतीसाठी पात्रच राहिल्या, हे जगभरच्या क्लबांना दिलासा देणारे होते.

याच सुमारास स्पर्धा कायद्याचा मुद्दाही पुढे आला. ऑलिम्पिकमध्ये एखादी होडी सक्तीची करायची आणि ती बांधण्याचा हक्क मोजक्यांच्याच हाती ठेवायचा, हे मक्तेदारीला खतपाणी घालणारे नाही का, असा सवाल युरोपात उपस्थित झाला. त्यानंतर ‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर कोणत्याही सक्षम उत्पादकाला परवाना मिळाला पाहिजे, असे धोरण वर्ल्ड सेलिंगने स्वीकारले. आज ब्रिटन, इटली, पोलंड, चीन, थायलंड, अर्जेंटिना अशा अनेक देशांतल्या कारखान्यांना परवाने आहेत. एका दुकानाची मक्तेदारी गेली, पण साचा तोच राहिला.

होडीच बदलली असती तर?

२०१९ मध्ये वर्ल्ड सेलिंगने एकट्याने चालवायच्या ऑलिम्पिक होडीचा फेरविचार केला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे चार होड्यांच्या चाचण्या झाल्या : लेझर, आरएस एरो, मेल्जेस १४ आणि डी-झिरो. परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञांची पसंती ‘आरएस एरो’ला होती. कारण स्पष्ट आहे. तिचा सांगाडा सुमारे ३० किलोंचा, म्हणजे लेझरच्या जवळपास निम्म्या वजनाचा. शर्यत संपल्यावर उतरत्या धक्क्यावरून होडी ओढत आणणाऱ्या किशोरवयीन मुलीला विचारले, तर ती डोळे मिटून एरोला मत देईल.

पण संघटनेच्या परिषदेने लेझरच कायम ठेवली. अंतिम पारड्यात जे वजन पडले ते तंत्राचे नव्हते, प्रसाराचे होते. जगाच्या कानाकोपऱ्यात, आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत, ही होडी आधीच पोहोचलेली आहे. ती एका झटक्यात बाद केली असती तर श्रीमंत देशांनी वर्षभरात नवा ताफा उभा केला असता आणि बाकीच्यांनी दशकभर वाट पाहिली असती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आयएलसीए ६ आणि ७ होत्या, २०२८ च्या लॉस एंजलिससाठीही त्याच ठरल्या आहेत.

बदलाचा फटका कसा बसतो याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. फळीवर उभे राहून चालवायच्या शर्यतीत २००८ पासून टोक्योपर्यंत ‘आरएस:एक्स’ ही फळी होती. पॅरिससाठी तिच्या जागी पाण्यावरून उडणारी ‘आयक्यूफॉइल’ आली. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने कांस्यपदक जिंकले, ते ‘आरएस:एक्स’मध्ये. म्हणजे ऑलिम्पिकमधून आधीच बाहेर गेलेल्या साधनावर. पदक खरे, मेहनत खरी. पण त्या फळीवरून ऑलिम्पिकला जाणारा रस्ता बंद झालेला होता. चार दशकांपूर्वी ‘फायरबॉल’च्या सुवर्णविजेत्यांपुढे उभा असलेला पेच नव्या रूपात पुन्हा समोर आला.

भारतीय खेळाडूंना कडक नियम फायद्याचे की तोट्याचे?

आकडे पाहिले तर फायद्याचे, असेच म्हणावे लागेल. आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेला विष्णू सर्वानन टोक्यो ऑलिम्पिकमध्ये विसावा आला, २०२३ मध्ये हांगझोऊत आयएलसीए ७ मध्ये कांस्यपदक मिळवले, जानेवारी २०२४ मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेतून पॅरिसचे तिकीट मिळवले आणि तेथे अठराव्या स्थानापर्यंत मजल मारली. चेन्नईची नेत्रा कुमानन ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला नौकानयनपटू. टोक्योत ती ३५ वी होती, पॅरिसमध्ये २१ वी. मध्य प्रदेशातील देवासच्या नेहा ठाकूरने हांगझोऊत मुलींच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्य जिंकले. तिचे प्रशिक्षण भोपाळच्या तलावावर झाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या मुलीला आशियाई पदक मिळू शकते, कारण तलावावरची होडी आणि स्पर्धेतली होडी एकच असते.

याउलट अडचणीही आहेत. परवानाधारक कारखाने परदेशात असल्याने सांगाडा, डोलकाठी, शीड सारेच आयात करावे लागते. वाहतूक, सीमाशुल्क, रुपयाचा दर यांचा बोजा वेगळा. ‘फायरबॉल’च्या काळात स्थानिक सुतार आणि शीड शिवणारा कारागीर या साखळीत होता, आज तो त्यातून बाहेर पडला आहे. त्यामुळे हा खेळ सेनादले, सरकारी अकादमी आणि मोजके क्लब यांच्या आधारावरच उभा आहे. लालबाग-गिरगावच्या मुलाला समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, होडी मात्र नाही. त्याच्यासाठी शिडाचे कापड कोणते असावे यापेक्षा क्लबच्या मांडणीवर पडून असलेली जुनी होडी अजून शर्यतीला चालते का, हा प्रश्न मोठा आहे.

पुढे काय?

तंत्रज्ञान थांबणार नाही. हलके सांगाडे, पाण्यावरून उडणाऱ्या होड्या आणि दूरचित्रवाणीवर चटकदार दिसणाऱ्या शर्यती यांचा दबाव प्रत्येक ऑलिम्पिकगणिक वाढतो आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा आराखडा कायम ठेवला तर नवी पिढी कंटाळेल, अशी एका बाजूची भीती. दर आठ वर्षांनी साधन बदलले तर हा खेळ पुन्हा एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांच्या चढाओढीकडे जाईल, अशी दुसऱ्या बाजूची. दोन्ही भीती खऱ्या आहेत.

गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने मात्र एक गोष्ट स्पष्ट केली आहे. निर्बंध किती कडक आहेत यापेक्षा ते कोण ठरवते, कारखाना कोण तपासते आणि परवाना किती जणांना मिळतो, यावर खेळाची समता अवलंबून असते. एकच साचा आणि अनेक कारखाने. जुन्या होडीला अभय आणि सुधारणांना वेळ. ही वाट भारतासारख्या देशांना परवडणारी आहे. वर्गाच्या नियमांत बदल सदस्यांच्या मतदानाने होतो आणि मत देण्याचा हक्क कुलाब्यातल्या सदस्याला युरोपातल्या सदस्याइतकाच आहे. होडीच्या आराखड्यात भारतीय खेळाडूला रेघही ओढता येत नसली, तरी नियमावर मत देता येते. पुढच्या फेरविचाराच्या वेळी ते मत देण्यासाठी येथील क्लब आणि संघटना किती जाग्या असतात, यावर बंदरातल्या त्या जुन्या होड्यांचे भवितव्य ठरेल.